कानठळ्यांचे तुलनाशास्त्र

प्रवासी जेट विमानांची तुलना करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिली विमान कंपन्यांच्या हिशेबखात्याची असून तीत दर आसनामागे किती इंधन जळते, सुट्या भागांना काय पडते आणि विमान दिवसातून किती तास हवेत राहते एवढेच पाहिले जाते. तिच्यावर अब्जावधी डॉलरचे सौदे ठरतात आणि तिच्यावरून कोणी हातघाईवर आल्याचे ऐकिवात नाही. दुसरी पद्धत वैमानिकांची. तीत विमानाची हाताळणी, त्याचा वेग आणि कॉकपिटमधला आवाज हे तीन निकष मानले जातात, तिच्यावर एकही सौदा ठरत नाही, आणि बहुधा म्हणूनच तिच्यावरचे वाद जेट युगाच्या आरंभापासून आजतागायत त्याच हिरिरीने चालू आहेत.

या वादांकडे थोडे अलिप्तपणे पाहिल्यास त्यांत एक व्यस्त प्रमाण दिसून येते: ज्या गोष्टीशी वैमानिकाचा संबंध सर्वांत कमी वेळ येतो, तिच्यावर तो सर्वांत जास्त बोलतो. हाताळणी म्हणजे विमान स्वतःच्या हाताने उडवताना ते किती हुकमात राहते. पण आजच्या उड्डाणात असा योग जमीन सोडल्यावरची काही मिनिटे आणि जमिनीला लागण्यापूर्वीची काही मिनिटे एवढाच येतो, कारण मधला सारा काळ ऑटोपायलट, म्हणजे ठरवून दिलेली उंची, दिशा आणि वेग सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा, विमान चालवत असते. वेग किती ठेवायचा हे बव्हंशी दुसरेच कोणी ठरवते. आवाज मात्र दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत अखंड सोबत करतो, आणि त्याच्या वाट्याला वादात जेमतेम एखादे वाक्य येते, तेही दोनदा उच्चारावे लागते, कारण पहिल्या खेपेस समोरच्याला ते नीट ऐकू आलेले नसते.

या शास्त्रातल्या पुराव्याचे स्वरूपही तपासण्याजोगे आहे. वैमानिकाला परवान्याखेरीज त्या त्या विमानाचे ‘टाइप रेटिंग’ लागते, म्हणजे त्या विशिष्ट प्रकाराचा अभ्यासक्रम, सिम्युलेटरमधले, अर्थात जमिनीवर उभारलेल्या हुबेहूब कॉकपिटमधले, प्रशिक्षण आणि शेवटी परीक्षा. बोइंग ७५७ आणि ७६७ यांसारख्या मुद्दाम एकसारख्या बनवलेल्या जोड्या सोडल्या, तर वैमानिक सहसा एका वेळी एकाच प्रकारावर काम करतो. याचा अर्थ असा, की बोइंग आणि एअरबस यांची तुलना करणारा माणूस एका विमानाविषयी कालच्या अनुभवावरून आणि दुसऱ्याविषयी आठवणीवरून बोलत असतो, आणि ती आठवण तो बराच तरुण असतानाची, डोक्यावर भरपूर केस असतानाची असते. विमानाच्या गुणवत्तेतून त्या केसांचा वाटा वजा करण्याची रीत अद्याप कोणाला सापडलेली नाही. ज्यांनी दुसऱ्या कंपनीचे विमान आयुष्यात कधी चालवलेलेच नाही, त्यांची मते अर्थातच सर्वांत ठाम असतात. हापूस रत्नागिरीचा खरा की देवगडचा, या प्रश्नावर ज्याच्या घरी वर्षानुवर्षे एकाच गावची पेटी येते तोच जसा तावातावाने बोलतो, तसा हा प्रकार आहे.

हाताळणीच्या मोजमापाला शास्त्रीय आधार नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर या दोघांनी १९६९ मध्ये मांडलेली श्रेणीपद्धत चाचणी वैमानिक आजही वापरतात. तीत ठरावीक प्रश्नांना हो किंवा नाही अशी उत्तरे देत देत १ ते १० यांपैकी एका अंकापर्यंत यायचे असते, १ म्हणजे उत्तम आणि १० म्हणजे विमान हातचे गेले. प्रवासी विमानांच्या वैमानिकांनी आपल्या वादांत ही पद्धत कधीच स्वीकारली नाही, कारण तीत आवाज चढवायला कोठे जागाच ठेवलेली नाही. त्यांची स्वतःची श्रेणीपद्धत अधिक सुटसुटीत आहे: आपले विमान ‘हातात बसते’, प्रतिपक्षाचे ‘जड आहे’, आणि जे दोघांपैकी कोणीच चालवलेले नाही त्याच्याविषयी दोघांचेही ‘फार ऐकलंय’.

हाताळणीचे सर्वांत गाजलेले प्रात्यक्षिक ऑगस्ट १९५५ मध्ये सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टन या सरोवरावर झाले. पुढे ज्याच्यापासून बोइंग ७०७ घडले ते चार इंजिनांचे नमुना-विमान बोइंगचा चाचणी वैमानिक टेक्स जॉन्स्टन याने जमलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावरून नेताना ‘बॅरल रोल’मध्ये, म्हणजे पुढे जाता जाता मळसूत्री वळणात पूर्ण उलटे करून पुन्हा सुलटे केले, आणि पाहणाऱ्यांना तो भास वाटू नये म्हणून की काय, परत फिरून तेच दुसऱ्यांदा केले. पाहुण्यांमध्ये विमान कंपन्यांची बडी मंडळी होती, तर यजमान असलेले बोइंगचे अध्यक्ष विल्यम ॲलन यांना या कार्यक्रमाची कसलीही पूर्वकल्पना नव्हती. ही कसरत नीट केली तर विमानाच्या सांगाड्यावर नेहमीपेक्षा फारसा जादा भार येत नाही, हे जॉन्स्टनला पक्के ठाऊक होते. ॲलन यांना ते नंतर समजावून सांगावे लागले. हाताळणी डोळ्यांनी पाहून विमान विकत घ्यावे असे गिऱ्हाइकाला वाटण्याजोगा प्रसंग त्यानंतर क्वचितच आला असेल.

आजच्या वादातला बोइंगपक्षाचा मुख्य युक्तिवाद स्पर्शाचा आहे. बोइंगच्या विमानात वैमानिकासमोर ‘योक’ असतो, म्हणजे गुडघ्यांच्या मध्ये खांबावर बसवलेले दोन शिंगांचे सुकाणू. ७३७ मध्ये ते पोलादी तारा आणि कप्प्यांमार्फत पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांपर्यंत जोडलेले असते, त्यामुळे विमानाची नाडी थेट हाताला लागते, असे हा पक्ष सांगतो. नाडी लागते हे खरे. ती कोणाची, एवढाच प्रश्न उरतो. त्या पट्ट्या प्रत्यक्षात हायड्रॉलिक दाबाने, म्हणजे नळ्यांतून खेळवलेल्या तेलाच्या जोराने हलतात, आणि तो जोर एवढा असतो की वाऱ्याचा विरोध हातापर्यंत पोहोचतच नाही. असे झाले तर वैमानिक नकळत नको तेवढे ओढून बसेल, म्हणून बोइंगने या विमानात एक ‘फील कंप्युटर’ बसवला आहे, ज्याचे काम वेग वाढेल तसतसे सुकाणू मुद्दाम जड करणे हे आहे. ज्या स्पर्शाचे गोडवे गायले जातात तो असा कारखान्यातून बसवून आलेला असतो. हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली तर मात्र खरोखरच केवळ तारा उरतात, आणि तेव्हा सुकाणू हलवायला एवढे बळ लागते की सिम्युलेटरमध्ये तो सराव करून घामाघूम बाहेर पडलेला वैमानिक निदान त्या दिवशी तरी नैसर्गिक स्पर्शाचा विषय काढत नाही.

एअरबसपक्षाचा दावा याच्या नेमका उलट आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या ए-३२० मध्ये योक नाहीच. त्याऐवजी खिडकीच्या बाजूच्या हाताशी ‘साइडस्टिक’ नावाची वीतभर दांडी असते, तिची हालचाल विजेच्या संकेतांच्या रूपाने संगणकाकडे जाते आणि कोणती पट्टी किती हलवायची हे संगणक ठरवतो. या व्यवस्थेला ‘फ्लाय-बाय-वायर’ म्हणतात. विमान एका कुशीवर ६७ अंशांपेक्षा जास्त कलंडवण्याची विनंती नेहमीच्या स्थितीत हा संगणक मान्य करत नाही, आणि दांडी सोडून दिली तर विमान जसे आहे तसेच निमूट पुढे जात राहते. वैमानिकाच्या खांद्यावरचे ओझे यामुळे उतरते, यात शंका नाही. पण उतरण्याच्या वेळी एक अडचण उभी राहिली. धावपट्टीजवळ आल्यावर सुकाणू हलके मागे ओढून विमानाचे नाक वर धरायचे, ही सवय वैमानिकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगात भिनलेली होती, आणि या विमानाला ओढून धरण्याची तशी गरज राहिली नव्हती. तेव्हा अभियंत्यांनी संगणकाला असे शिकवले, की जमीन ३० फुटांवर आली की त्याने आपणहून नाक हळूहळू खाली झुकवू लागावे, म्हणजे वैमानिकाला दांडी मागे ओढावीशी वाटेल आणि ओढल्याचे समाधानही लाभेल. त्यानंतर २० फुटांवर दुसरा एक संगणक इंजिनांचा जोर काढून घेण्याची आज्ञा खणखणीत आवाजात देतो, आणि केस पिकलेला कॅप्टन, जो घरी आणि दारी कोणाचे ऐकून घेत नाही, ती मुकाट्याने पाळतो.

दोन्ही पक्षांचा हा अस्सलपणा असा सारख्याच मेहनतीने बनवलेला आहे. १९९४ मध्ये उडालेल्या बोइंग ७७७ मध्ये तर नेहमीच्या हाताळणीतल्या तारा जाऊन फ्लाय-बाय-वायर आले, तरी बोइंगने योक सोडला नाही. तो वेगानुसार जड-हलका व्हावा आणि ऑटोपायलट चालू असताना आपोआप हलतही राहावा, अशी सोय यंत्रणेतच करून दिली. एअरबसच्या दोन साइडस्टिक मात्र एकमेकींशी जोडलेल्या नाहीत. एकीकडची दांडी हलली तर दुसरीकडची जागची ढळत नाही, आणि दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक दोघांच्या म्हणण्याची बेरीज करतो व ‘ड्युअल इनपुट’ असा पुकारा करतो. बोइंगवाले या गोष्टीवर तासभर बोलू शकतात, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: शेजारचा माणूस काय करतो आहे हे त्याच्या हाताकडे न बघता स्वतःच्या हाताला कळणे, ही काही किरकोळ सोय नव्हे. एअरबसवाले यावर समोरच्या फलकाखालून एक घडीचे टेबल बाहेर काढतात. योक नसल्यामुळे समोर मोकळी झालेली जागा त्या टेबलाने भरून निघते, आणि बोइंगचा कॅप्टन मांडीवर ट्रे सावरत सांबार सांडू नये म्हणून दोन्ही गुडघे जुळवून बसलेला असतो तेव्हा एअरबसचा कॅप्टन मेजावर जेवतो. हाताळणीच्या वादात हा मुद्दा अधिकृतपणे धरला जात नाही. पण एअरबसवर गेलेले बोइंगवाले परत येण्यास का नाखूष असतात, याचा उलगडा फ्लाय-बाय-वायरपेक्षा याने अधिक होतो.

हाताळणीचा खरा कस मऊ उतरण्यात लागतो, अशीही एक समजूत आहे, आणि ७५७-७६७ या जोडीने तिचा चांगलाच विचका केला. दोन्ही विमाने एकाच टाइप रेटिंगवर चालवता येतात, त्यामुळे तोच वैमानिक सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे उतरवू शकतो. मात्र ७५७ च्या मुख्य चाकांचा चौरंग हवेत असताना मागच्या बाजूला झुकलेला असतो, त्यामुळे मागची चाके आधी टेकतात आणि धक्का दोन हप्त्यांत वाटला जातो. ७६७ मध्ये चाके पोटात ठेवायच्या जागेच्या सोयीसाठी तोच चौरंग पुढे झुकवलेला असल्याने पुढची चाके आधी आदळतात. सकाळी प्रवाशांकडून शाबासकी मिळवलेला कॅप्टन संध्याकाळी दारात उभा राहून त्यांची नजर चुकवत असला, तर त्याच्या कौशल्यात दिवसभरात काही उणे झालेले नसते.

वेगाच्या अभिमानाला मात्र एके काळी रोकड आधार होता. अमेरिकेत १९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाने आपल्या ८३ क्रमांकाच्या निर्णयात वैमानिकांच्या पगाराचे जे सूत्र घालून दिले, त्यात विमानाच्या वेगाचाही हिशेब होता, म्हणजे जास्त वेगाचे विमान चालवणाऱ्याला तासामागे जास्त पैसे; पुढे विमानाचे वजनही अशा सूत्रांत महत्त्वाचे ठरले. आपले विमान दुसऱ्याच्या विमानापेक्षा वेगवान आहे असे म्हणण्यामागे त्या काळी केवळ मर्दुमकी नसून किराणामालाचा हिशेबही असे. पगाराची सूत्रे बदलली, फुशारकी राहिली.

जेट विमानाचा वेग ‘मॅक’मध्ये सांगतात. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिकाच्या नावाचे हे माप म्हणजे त्या ठिकाणच्या ध्वनीच्या वेगाशी विमानाच्या वेगाचे गुणोत्तर. साधारण ३६,००० फुटांवरच्या थंडगार हवेत ध्वनी ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणून मॅक ०.७८ या गतीने जाणारे ए-३२० किंवा ७३७ ताशी सुमारे ८३० किलोमीटर आणि मॅक ०.८५ ने जाणारे ७८७ सुमारे ९०० किलोमीटर कापते. लांब पल्ल्यावर हा फरक मोठा आहे, आठ तासांच्या प्रवासात तो पाऊण तासाच्या घरात जातो. पण ७३७ आणि ए-३२० यांचे वैमानिक ज्या फरकावरून एकमेकांना हिणवतात तो दुसऱ्या दशांशस्थळावरचा असतो. मॅक ०.७८ ऐवजी ०.८० ठेवला तर तासाभराच्या सरळ उड्डाणात दीड मिनिट वाचते. मुंबईहून दिल्लीला किंवा दिल्लीहून मुंबईला जाणाऱ्यांना हे दीड मिनिट कुठे जाते ते पाठ आहे: मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते, आणि आपली पाळी येईपर्यंत घिरट्या घालत राहण्याची आज्ञा वेगवान आणि संथ अशा दोन्ही विमानांना एकाच सुरात मिळते. शिवाय १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, अशी मर्यादा पुष्कळ देशांत आहे, तेव्हा तिथे सगळेच समान.

उरलेल्या टप्प्यात तरी वैमानिक मनाप्रमाणे जातो असे समजायचे कारण नाही. निघण्यापूर्वी तो संगणकात ‘कॉस्ट इंडेक्स’ नावाचा एक आकडा भरतो, जो वेळेची किंमत आणि इंधनाची किंमत यांचे प्रमाण सांगतो. शून्य भरले तर विमान इंधन वाचवत जाते, आकडा वाढवला तर घाई करते. हा आकडा कंपनीच्या कचेरीतून ठरून येतो. सारांश, ज्या वेगाची बढाई कॅप्टन मारतो तो वेग एका कारकुनाने स्प्रेडशीटमध्ये टाइप केलेला असतो, आणि त्या कारकुनाला विमानात बसले की कदाचित चक्कर येत असेल.

संथपणाची कीर्ती मात्र वेगापेक्षा जास्त टिकते. चार इंजिनांच्या एअरबस ए-३४०-३०० या विमानाची चढण एवढी सावकाश होती, की त्याच्या पंखांखाली इंजिने नसून केस वाळवायची चार यंत्रे टांगली आहेत आणि ते चढते ते पृथ्वीला गोलाई असल्यामुळे, असे विनोद वैमानिकांत जगभर फिरले. समुद्रावरच्या आखीव मार्गावर पुढे मॅक ०.८२ ने जाणारे ए-३४० आणि मागे मॅक ०.८५ ची सवय असलेले ७४७ असा योग आला, की मागच्याचा चडफडाट घाटात मालमोटारीमागे अडकलेल्यालाही कळण्यासारखा असे. तेच ७४७ फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले आणि जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचे हे विमान ध्वनीच्या पुढे गेले काय, अशी विचारणा झाली. ते गेले नव्हते. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा झोत, त्या दिवशी वादळामुळे भलताच जोरात होता आणि विमान त्या झोतासकट पुढे सरकत होते. भोवतालच्या हवेच्या मानाने ते रोजच्याच गतीने चालले होते. त्याच झोतात आलेले दुसऱ्या कंपनीचे दोन इंजिनांचे ए-३५० मिनिट-दोन मिनिटांच्या फरकाने मागे राहिले, यावरून त्या विक्रमात वैमानिकाचा हात किती आणि हवामानाचा किती, ते उघड व्हावे. परंतु झालेल्या विक्रमाचे श्रेय वाऱ्याला देणारा वैमानिक आणि उशिराचे श्रेय वाऱ्याला न देणारा वैमानिक, हे दोन्ही प्राणी दुर्मीळ आहेत.

या सगळ्यांना एका वाक्यात गप्प बसवण्याचा अधिकार फक्त कॉन्कॉर्डच्या मंडळींना होता. मॅक २ ने जाताना हवेच्या घर्षणाने आणि दाबाने त्या विमानाचे नाक उकळत्या पाण्याहून तापत असे आणि सगळा सांगाडा काही इंचांनी लांबत असे, इतका की फ्लाइट इंजिनिअरच्या, म्हणजे इंजिने आणि इंधन सांभाळणाऱ्या तिसऱ्या कर्मचाऱ्याच्या, फलकाशेजारी हात जाईल एवढी फट उघडे आणि विमान थंड झाले की मिटे. २००३ मध्ये ही विमाने निवृत्त होताना काही फ्लाइट इंजिनिअरांनी अखेरच्या उड्डाणात आपली टोपी त्या फटीत खोचून दिली. फट मिटली आणि टोपी कायमची अडकून राहिली. सरकारी नोकरीतही जागेला एवढे घट्ट चिकटता येत नाही. एअर इंडियाने एके काळी अशा दोन कॉन्कॉर्डसाठी हक्क राखून ठेवला होता, पण तो वापरला नाही, ही गोष्ट त्या कंपनीच्या हिशेबखात्याच्या बाजूने नोंदवून ठेवली पाहिजे.

आता आवाज. कॉकपिटमध्ये इंजिनांचा आवाज फारसा नसतो, कारण ती मागे असतात. डीसी-९ आणि एमडी-८० यांची इंजिने तर पार शेपटीला असल्याने ती चालू आहेत की नाहीत हे पुढे बसलेल्यांना काट्यांवरूनच कळे. खरा गोंगाट वाऱ्याचा. विमानाचे नाक आणि काचांच्या कडा यांवरून हवा ताशी आठशे किलोमीटरने फाटत जाते आणि जिथे कोन, खाच किंवा सांधा असेल तिथे ती घुमते. त्यात उपकरणे थंड ठेवणारे पंखे आणि वातानुकूलनाच्या झोतांची भर पडते. वेग वाढला की हा आवाज झपाट्याने वाढतो, म्हणजे ज्या वेगाची हौस असते तोच कान फोडत असतो. कॉन्कॉर्डमध्ये समोरच्या काचेपुढे एक उष्णतारोधक पडदा वर सरकवण्याची सोय होती, आणि तो वर गेला की नाकावरून हवा सुरळीत वाहू लागून कॉकपिट एकदम शांत होई. तेव्हा सर्वांत वेगवान प्रवासी विमानाच्या वैमानिकांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत होते आणि निम्म्याहून कमी वेगाच्या ७३७ च्या वैमानिकांना येत नव्हते.

७३७ ची ही ख्याती वंशपरंपरागत आहे. १९६७ मध्ये ते पहिल्यांदा उडाले तेव्हा खर्च वाचवण्यासाठी त्याच्या धडाचा वरचा भाग आणि नाकाची ठेवण १९५० च्या दशकातल्या ७०७ वरून घेतली गेली, आणि समोरच्या टोकदार कोनात बसवलेल्या सपाट काचा तेव्हापासून त्या कुटुंबात चालत आल्या आहेत. काचांच्या वर ‘भुवया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या खिडक्याही होत्या, त्या एकविसाव्या शतकात नव्या विमानांतून काढून टाकल्या गेल्या, पण मूळ चेहरा बदलला नाही. आत आणखी एक वाद्य आहे. दोन आसनांच्या मधल्या चौथऱ्याला दोन्ही बाजूंनी थाळीएवढी काळी चाके आहेत, त्यांवर पांढरा पट्टा ओढलेला असतो. ती ‘ट्रिम’ची, म्हणजे सुकाणू सतत ओढून धरावे लागू नये म्हणून शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन जुळवून ठेवणारी चाके. मोटर चालू झाली की ती खडखडत गरागरा फिरतात, आणि त्यांची दुमडायची मूठ कोणी बाहेर ठेवली असली तर शेजारच्या गुडघ्याला लगेच कळते. हा खडखडाट उपद्रव नसून माहिती आहे, शेपूट हलते आहे हे त्यावरून न बघता समजते, असे ७३७ चे वैमानिक सांगतात, आणि या बाबतीत त्यांचे म्हणणे कोणालाही मान्य व्हावे. मात्र उरलेला सारा गोंगाटही माहितीच आहे, असे ते पुढे जाऊन म्हणतात तेव्हा त्यांचा पक्ष लंगडा पडतो.

तुलनेसाठी थोडा इतिहास उपयोगी पडेल. एअर इंडियाने जून १९४८ मध्ये मुंबईहून लंडनची सेवा सुरू केली ती चार पिस्टन इंजिनांच्या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानांनी. पंख्यांची घरघर आणि हादरे यांत तासन्‌तास बसलेली माणसे १९६० मध्ये ७०७ वर आली, आणि १९६२ मध्ये केवळ जेट विमाने वापरणारी ती जगातली पहिली कंपनी ठरली. ज्या नाकाला आज नावे ठेवली जातात, ते कॉन्स्टेलेशनवरून आलेल्या कानांना सुखाचे वाटले असेल, हे समजण्यासारखे आहे. एअरबसच्या कॉकपिटमध्ये पुष्कळ वैमानिक चढण संपल्यावर हेडफोन काढून ठेवतात आणि नियंत्रकाचे बोलणे लाउडस्पीकरवर ऐकतात. ७३७ मध्ये पदरचे पैसे घालून आवाज दाबणारा बोससारखा महागडा हेडफोन विकत घेण्याची रीत आहे, आणि ज्याच्याकडे तो नसतो तो साध्या हेडफोनचा आवाज चढवतो, म्हणजे गोंगाटावर गोंगाटाचा इलाज करतो. आठ तास सलग ऐकायची मर्यादा ८५ डेसिबल असावी, असे अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्य संस्था सांगते. डेसिबल हे माप असे विचित्र आहे की त्यात तीनची भर पडली तरी ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. निवृत्त वैमानिकांच्या मेळाव्यात वाद इतके रंगतात आणि कोणीही हार मानत नाही, याचे एक कारण प्रतिपक्षाचा मुद्दा ऐकूच न येणे हे असू शकेल.

शांततेनेही सगळे सुखी होतात असे नाही. २००८ मध्ये ए-३८० हे दुमजली विमान एमिरेट्सच्या ताफ्यात आले तेव्हा त्याच्या वैमानिकांनी तक्रार केली की विमान नको तेवढे शांत आहे. त्यांची झोपायची जागा प्रवासी कक्षाच्या मागच्या टोकाला होती, आणि इंजिनांची घरघर नाहीशी झाल्याने रडणारी मुले, हाका मारणारे प्रवासी आणि शौचालयाचे पाणी हे सारे त्यांना स्पष्ट ऐकू येऊ लागले होते. जेट युगाच्या पहिल्या अर्धशतकात अभियंत्यांनी जो आवाज घालवण्यासाठी जिवाचे रान केले, तो परत द्या असे म्हणणारा हा एकमेव ज्ञात गट होय. आणि तरीही आठ तासांची पाळी संपवून उठणाऱ्या माणसाला हाताळणी आणि वेग यांपेक्षा आवाजच जास्त थकवतो, हे मान्य करावे लागते. तिन्ही निकषांत खरोखर मोजण्याजोगा, विमानागणिक बदलणारा आणि शरीराला जाणवणारा हाच एक आहे. तो वादात मागे पडतो तो केवळ शांत कॉकपिटची फुशारकी मारता येत नाही म्हणून. गोंगाटाची येते, आणि ७३७ वाले ती मारतात.

आपल्याकडच्या या वादाला निदान येती काही दशके मरण नाही. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या विमानांची मागणी जाहीर केली तेव्हा २५० विमाने एअरबसकडून आणि २२० बोइंगकडून घेण्याचे ठरले, आणि बोइंगच्या त्या २२० पैकी १९० विमाने ७३७ मॅक्स जातीची, म्हणजे त्याच जुन्या नाकाची आहेत.